खाचा पडलेले बावन्न पत्ते

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना जोड आहे. बावन्न पानं आणि एक जोकर. दुसरा जोकर कुठे गेला ते मलाही ठाऊक नाही. कोणत्या कारखान्यात छापला गेलो ते सांगून तुमचा वेळ घेत नाही. मला खरं जग कळलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल नावाच्या गावात, इंदुताईंच्या चहाटपरीमागच्या पडवीत.

तिथे चार म्हाताऱ्यांची रोजची बैठक असे. एका बाजूला देवराव आणि गुणवंतराव, दुसऱ्या बाजूला पत्रू आणि मुखरू. खेळ एकच, मेंढीकोट. पैसा लावायचा नाही. नियम मात्र कडक! हरलेल्या जोडीतल्या एकानं मला घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आणायचं. आणि डाव सुरू झाला की तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण बोलण्यातून खुणा होतात. देवराव निवृत्त मास्तर. कुणी नुसतं खाकरलं तरी ते डोळे वटारत.

एकदा हरल्यावर गुणवंतरावांनी मला घरी नेलं. भर उन्हात अंगणात बसून त्यांनी एकेक पत्ता नाकाजवळ धरला आणि नखानं कडेला बारीक खाचा पाडल्या. बदामाला एक, इस्पिकाला दोन, आकड्यांच्या दुसऱ्या कडेला वेगळ्या, असं काहीतरी. मित्रांनो, मला फार राग आला. आयुष्यभर धान पिकवलेला सरळ माणूस, आणि म्हातारपणी ही लबाडी? पण पत्त्याला तोंड नसतं. डावात पडलेला पत्ताही ते सरळ करायच्या निमित्तानं चाचपत, तरी आठ महिने कुणालाच कळलं नाही, कारण जुन्या पत्त्यांच्या कडा कुरतडलेल्याच असतात.

मग एका दुपारी पिसता पिसता देवरावांचं बोट एका खाचेवर अडलं. त्यांनी सगळे पत्ते चाचपले.

"ह्या खाचा कोनं केल्या?"

"मी केल्या," गुणवंतराव म्हणाले.

"काऊन?"

गुणवंतरावांनी मान फिरवली तसे देवराव उठले. "तीस वर्सं संगं बसून राह्यलो, अन् तू मले लबाडीत भागीदार केलं?" त्यांनी मला जमिनीवर भिरकावलं आणि चपला शोधू लागले.

पत्रू आणि मुखरू खाली बघत बसले. गुणवंतराव एकटेच पत्ते गोळा करू लागले. बदामची राणी त्यांच्या गुडघ्याजवळ पडली होती. त्यांचा हात तिच्या अवतीभवती तीनदा फिरला, पण ती सापडेना. चहा घेऊन आलेल्या इंदुताई दारातच थांबल्या.

"भाऊ, तुम्हाले दिसत नाई का?"

"हळू बोला, बाई." गुणवंतराव म्हणाले. "माह्या पोराले, आदेशले, कळलं तं तो मले घरीच बसवन. वावराकडं वाघ फिरून राह्यला, आंधळ्या बापाले कोन जाऊ देते? लबाड म्हना, चालते. आंधळा म्हनू नका."

चप्पल पायात घातलेले देवराव तसेच उभे राहिले. मग चप्पल काढून परत आले, मला गोळा केलं आणि डाव वाटला. पहिला पत्ता टाकताना ते अख्ख्या पडवीला ऐकू जाईल असं ओरडले, "किलवरचा गुलाम!"

"देवरावभाऊ, डावात बोलून राह्यले?" मुखरू दचकला.

"हो. आजपासून जो तो आपला पत्ता सांगूनच टाकन."

तेव्हापासून आमची मुकी बैठक बाजारासारखी गजबजली. देवराव तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गुणवंतरावांच्या मुलाला, आदेशला, सगळं सांगितलं, त्याबद्दल गुणवंतरावांच्या शिव्याही खाल्ल्या. मोतीबिंदू होता. चंद्रपूरला एसटीनं नेऊन ऑपरेशन करून आणलं.

महिन्याभरानं काळा चष्मा लावून गुणवंतराव बैठकीला आले. दिसत नव्हतं तोवर पत्ते वाटायचं काम त्यांनी इतरांवर सोडलं होतं. आज हौसेनं त्यांनीच मला पिसलं आणि वाटायला घेतलं. अर्ध्यावर थांबले.

"माह्यं बोट वाचून राह्यलं. कोनाले कोनता पत्ता गेला, मले समजून राह्यलं."

"तं नको वाचू," पत्रू म्हणाला.

"बोटाले कसं सांगू? आता मले दिसते. आता ह्या ताशनं खेळलो तं ते लबाडीच होय."

दुसऱ्या दिवशी नवा जोड आला. तेव्हापासून मी इंदुताईंच्या बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पडवीतला आरडाओरडा ऐकू येतो. आता गरज नाही, तरी म्हातारे पत्ते ओरडूनच टाकतात.

मित्रांनो, जुन्या पत्त्यांना जपा असं मी म्हणणार नाही, पत्ते नवे मिळतात. पण तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस भलतंच वागू लागलं, काही लपवू लागलं, तर नावं ठेवण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा. मी आठ महिने गुणवंतरावांच्या हातात होतो. त्यांची बोटं रोज माझ्या अंगावर चाचपडत होती, आणि मी त्यांना लबाड समजत होतो.