सोनगीरला बंद पडणारी गाडी

गाडी नेमकी सोनगीरला बंद पडायची आणि सोनगीरलाच कौतिकच्या साडूचा ढाबा होता. एवढ्या दोन गोष्टींवर गाडीमालक गिरधर आबांनी निकाल देऊन टाकला: कौतिक तिथे मुद्दाम गाडी थांबवून डिझेल विकतो. चौदा वर्षं ज्याच्या हाती ट्रक आणि सावद्याची केळी बिनघोर सोपवली, तो ड्रायव्हर दोन महिन्यांत डिझेलचोर ठरला.

गाडीही काही नवी नव्हती, बारा वर्षांची होती. सकाळी सावद्याहून केळी भरून निघायचं, जवळचा घाटरस्ता टाळून जळगाव, पारोळा, धुळे करत इंदूरच्या वाटेला लागायचं. तिथवर गाडी कशी मजेत चालायची. मग सोनगीरचा किल्ला दिसायला लागला की इंजिन एकदम गप्प. दिवे लागतायत, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही धरत नाही. तास-दीड तास झाडाखाली बसावं, तर पुन्हा पहिल्या फटक्यात सुरू! दसऱ्यानंतर हे सोंग सुरू झालं होतं. पारोळ्याच्या मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला, पंप बदलला, सेन्सर बदलला. कंपनीच्या माणसाने स्कॅनर लावला आणि गाडी एकदम ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. गार गाडीला स्कॅनर लावल्यावर दुसरं काय दिसणार? ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि आजारी माणसालाच खोटारडा म्हणायचं, तशातली ही गत होती.

मग एके दिवशी आबा कौतिकच्या घरी आले. पुढे ठेवलेल्या चहाला हातसुद्धा लावला नाही.

“कौतिक, गाडी बठ्ठा रस्ता चालस, नि तुन्हा साडूना ढाबाजवळच बंद पडस. माले येडं समजस का?”

“आबा, मी खोटं बोलत नही.”

“मंग पोरना डोकावर हात ठेव नि सांग.”

नूतन पाचवीत होती. दारात दप्तर घेऊन उभी होती. कौतिकने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डिझेलच्या थेंबालाही शिवलो नाही, असं सांगितलं. खरं तर त्या क्षणी त्याने आबांना दंडाला धरून घराबाहेर काढायला हवं होतं. ते आपण केलं नाही, याचा राग त्याला आबांवरच्या रागापेक्षा जास्त छळत होता.

आठवडा झाला नाही तोच नूतन तापाने फणफणली. गावात निम्मी पोरं तापाने पडली होती, पण ते कुणाला आठवेना. शेजारची भिकुबाई तर पोरीच्या उशाशी बसून बोलून गेली, “खोटी शपथ अशीच भोवस, बाई.” पाचव्या दिवशी ताप उतरला. पोरगी शाळेत जाऊ लागली, पण कौतिकने केसांवरून हात फिरवायला नेला की ती मान खाली घालून बाजूला सरकायची. एकदाच तिने विचारलं होतं, “पप्पा, तुम्ही खरंच खरं बोलला होतात ना?” त्या प्रश्नाने कौतिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग पोरीचा नव्हता. पण ज्याचा होता, त्याची तर तो भाकरी खात होता.

पुढच्या खेपेला त्याने माल उतरवून परत येताना गाडी सरळ धुळ्यात खाजाभाईंच्या शेडमध्ये घातली आणि आबांना फोन केला. “आठे या. जे निघी ते तुमन्या डोळासमोर निघू द्या.”

खाजाभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. माणूस तिरसट, पण कामाला पक्का. आबा तणतणत येऊन पोचले तेव्हा खाजाभाईंनी पान्याला हातही लावलेला नव्हता. ते कौतिकला विचारत होते, बंद पडायला किती तास लागतात, आधी झटका बसतो का, कुठला दिवा लागतो. दोन महिन्यांत ड्रायव्हरला काही विचारावं असं वाटलेला हा पहिलाच माणूस होता.

मग त्यांनी केबिन उचललं, स्कॅनर जोडला आणि गाडी चालू ठेवली. इंजिनाच्या बाजूला वहीएवढा एक ॲल्युमिनियमचा डबा होता. इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं ते हा डबा ठरवतो. खाजाभाईंनी त्याच्यावर गरम हवेचं मशीन धरलं. दहा मिनिटं गेली. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी डब्यावर हलकेच टकटक केलं, आणि इंजिन फटकन बंद पडलं. स्कॅनरवरचे आकडेही गेले.

“चोर सापडला,” खाजाभाई म्हणाले. मीटर लावून त्यांनी डब्यापर्यंत करंट नीट येतोय हे आबांना दाखवलं. “वायरिंग ठीक आहे. डबाच गेला.”

मग त्यांनी डब्याचं जाडजूड सॉकेट ओढून काढलं. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, दोन तर झिजून गेल्या होत्या. आणि सगळ्यावर लाल-पिवळा चिकट थर बसला होता.

“आबा,” खाजाभाईंनी चष्मा वर केला, “ह्यात हळदकुंकू कोणी घातलं?”

कौतिकला दसरा आठवला. हा डबा म्हणजे गाडीचा मेंदू, असं कुणीतरी आबांना सांगितलं होतं. मग पूजा मेंदूचीच व्हायला हवी! आबांनी केबिन उचलायला लावलं, डब्याला हळदकुंकू वाहिलं, त्याच्यावरच नारळ फोडला आणि सगळं पाणी वर ओतलं. पूजेचं ताट कौतिकच्या हातात होतं. “आबा, वायरीसवर पानी नको,” असं तो म्हणालाही होता. “देवनं पानी शे, त्यानी काय व्हस?” म्हणून आबांनी चारचौघांत त्याला झापलं होतं. सॉकेटचं जुनं रबर तडकलेलं, पाणी आत मुरलं. आता डबा तापला की आतलं काहीतरी सुटायचं, आणि तो तापायला सोनगीर यायचं.

आबांचं तोंड एवढंसं झालं. “नवा डबा टाका,” एवढंच म्हणून ते निघून गेले. कौतिककडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी नाशिकहून डबा आला. खाजाभाईंनी त्यात लॅपटॉपवरून ह्या गाडीची माहिती भरली. मग सावद्याहून केळी भरून दोघं ती थेट शिरपूरला उतरवून आले. सोनगीरचा किल्ला आला, मागे गेला, गाडी हूं की चूं न करता पुढे निघाली.

शेडमध्ये परतले तर आबा उभे. गळ्यात उपरणं, हातात पिशवी, पिशवीत नारळ.

“केबिन उचल रे,” ते जणू काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाले. “नवा डबा शे, पूजा करी टाकू.”

कौतिकचा इतक्या दिवसांचा बांध तिथे फुटला.

“हात लाई तर पहा!” तो असा ओरडला की पलीकडच्या टायरवाल्याने काम थांबवलं. “मी चोर व्हतू ना? आते नारळ नंतर. पहिले मन्ही पोरले सांगा.”

“काय सांगू?”

“खरं शे ते.”

“धाकली पोर शे ती. तिले काय समजस?”

“डोकावर हात ठेवाले लावं, तवय धाकली नव्हती का?”

आबांनी खाजाभाईंकडे पाहिलं. खाजाभाई हात पुसत राहिले. कौतिकने गाडीची चावी काढून बंपरवर ठेवली, घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आबांपुढे धरला. चावी उचलली तर ड्रायव्हर जाणार होता; चावी किंवा फोन, एक काहीतरी उचलणं आबांना भाग होतं.

“हॅलो, पप्पा?” नूतन शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायची.

आबांनी फोन घेतला. नारळाची पिशवी त्यांच्या बोटांना लोंबकळत होती.

“नूतन, मी गिरधर आबा बोली ऱ्हायनू. तुन्हा बापनी शपथ खरी व्हती. चूक मन्ही व्हती, बेटा.”

फोन कट झाला की काय, म्हणून कौतिक पुढे झाला. मग तिचा बारीक आवाज आला.

“आबा, मग आता मी मरणार नाही ना?”