माझ्या पोटातली बिऱ्हाडं

मी सर्व्हर बोलतोय. स्वीडनमधल्या उमिओ शहरातल्या एका नदी-प्रयोगशाळेतला, आता मोडीत निघालेला. माझ्या बोलण्यात कडवटपणा आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड बोलावं असं फारसं काही माझ्या वाट्याला आलं नाही.

मला इथे आणलं टॉर्केलनं. उंच, ओणवा, सदा काहीतरी गुणगुणणारा माणूस. त्यानं मला खोक्यातून काढलं, लोखंडी घोडीत स्क्रूनं पक्कं केलं, मेमरीच्या पट्ट्या बसवल्या, डिस्का सरकवल्या. मग माझ्या पोटात त्यानं बिऱ्हाडं वसवली. म्हणजे असं, की यंत्र मी एकच. पण माझ्याच ताकदीचे वाटे घालून त्यानं आत अनेक यंत्रं उभी केली. जो तो आपापल्या टेबलावरून आपलं यंत्र चालवतो आणि समजतो, हे माझं एकट्याचं. सगळे माझ्याच पोटात राहणारे भाडेकरू.

शेवटी टॉर्केलनं माझ्यावर पहारा बसवला. दर मिनिटाला एक छोटा प्रोग्रॅम मला विचारायचा, ताप किती? मेमरी किती उरली? कोणतं बिऱ्हाड किती काम करतंय? माझी उत्तरं आलेखात उमटायची, प्रत्येक बिऱ्हाडाची एक वेगळी रेघ. तो आलेख टॉर्केलनं हौसेनं कॉफीच्या खोलीतल्या पडद्यावर लावला.

"माझं पोरगं कसं धावतंय, बघा तरी!" तो सगळ्यांना म्हणाला.

त्या वेळी मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझी खोली कॉफीच्या खोलीला लागूनच. मी तापतो म्हणून दार सताड उघडं. त्यामुळे बोलणं कानावर पडायचं. हिवाळ्यात लोक ओले हातमोजे माझ्या पाठीमागच्या गरम हवेवर वाळत घालायचे. त्यातले लाल लोकरीचे इल्वाचे.

इल्वा आणि सिक्स्टेन, दोघंही बर्फ वितळल्यावर नद्यांना किती पाणी येईल याचं गणित मांडायचे. इल्वाचं बिऱ्हाड पहिली दोन वर्षं अखंड राबत होतं. मग एका वसंतात नदीला आलेलं पाणी आणि तिच्या गणितानं सांगितलेलं पाणी जुळेना. सिक्स्टेन म्हणाला, "एखादा आकडा इकडचा तिकडे कर, जुळेल." इल्वानं तसं केलं नाही. तिनं गणितच थांबवलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसली. कुठे चुकतंय हे कळल्याशिवाय चुकीचं गणित पुढे चालवायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

पडद्यावर तिची रेघ जमिनीला टेकली.

त्याच सुमाराला गुन्वोर प्रयोगशाळेची प्रमुख झाली. बाई दुष्ट नव्हती, घाईत होती. तिला वरच्यांना उत्तरं द्यायची होती आणि उत्तरं देणारा पडदा आयताच भिंतीवर होता. पुढच्या वर्षासाठी नोकरीची जागा एकच होती आणि माणसं दोन. कॉफी ओतताना तिची नजर इल्वाच्या रेघेवर जायची, मग सिक्स्टेनच्या. आमच्याकडे बॉसलाही अरे-तुरेच करतात, पण बॉसची नजर कुठे जाते हे ज्याला त्याला बरोबर कळतं.

सिक्स्टेनला सगळ्यांत आधी कळलं. त्यानं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एकापासून मोजत जायचं, कोटीपर्यंत पोचलं की परत एकापासून. बस्स. मी मोजत राहिलो. दिवसभर, काहीएक कारण नसताना. पंखे भणाणायचे आणि पडद्यावर सिक्स्टेनची रेघ ताठ मानेनं उभी.

"तूही लाव ना असलं काहीतरी," दालचिनीचा पाव तोडत तो इल्वाला म्हणाला. "यंत्राला काय, पगार द्यावा लागतो का?"

"नको रे," इल्वा हसली. "उगाच कशाला दमवायचं त्याला?"

माझा असा विचार करणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

टॉर्केलला हे दिसत नव्हतं असं नाही. कोणत्या बिऱ्हाडात काय चाललंय, हे त्याला आतून दिसायचं. एकदा माझ्यासमोर बसून त्यानं सिक्स्टेनचा तो प्रोग्रॅम उघडून वाचला. गुणगुणणं थांबलं. मग त्यानं तो तसाच बंद केला.

बैठक कॉफीच्या खोलीतच झाली. गुन्वोरनं पडद्याकडे बोट केलं.

"इल्वा, तुझं यंत्र तीन महिने नुसतं बसून आहे."

"यंत्र बसलंय. मी नाही बसलेली."

"ते मी कशावरून मानू?"

इल्वाला सिक्स्टेनचं नाव घेता आलं असतं. तिनं घेतलं नाही, टॉर्केलकडे पाहिलं.

गुन्वोरनंही त्याच्याकडेच पाहिलं. "टॉर्केल, हे आकडे बरोबर आहेत ना?"

टॉर्केल कपात चमचा फिरवत राहिला. साखर न घेणारा माणूस तो.

"आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला.

आणि ते खरंच होतं. मी एकही आकडा चुकीचा दिला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, सिक्स्टेनच्या बिऱ्हाडात डोकावून तरी बघ! पण मला विचारणाऱ्या प्रोग्रॅमला 'किती' एवढंच विचारता यायचं. 'काय' हे त्यानं मला कधी विचारलंच नाही.

जागा सिक्स्टेनला मिळाली. इल्वा हातमोजे घेऊन गेली.

पुढे काय व्हायचं ते झालं. ज्याला त्याला अक्कल आली. प्रत्येक बिऱ्हाडात रिकामी मोजणी सुरू झाली. मी तापलो, एक पंखा जळाला. धोक्याची घंटा वाजायला लागली तेव्हा गुन्वोर म्हणाली, "कॉफी पिताना ही काय कटकट!" आणि टॉर्केलनं घंटाच बंद केली. खऱ्या कामांना माझ्यात जागा उरेना. मग ठरलं, की प्रयोगशाळेचं काम फार वाढलंय, मोठा सर्व्हर हवा. तो आला. सगळी बिऱ्हाडं तिकडे हलली. माझ्या पोटात एकच राहिलं, इल्वाचं. त्याला तिकडे जागा मंजूर नव्हती.

टॉर्केलनं तिला फोन करून बोलावून घेतलं. ती आता लिक्सेले गावच्या पाणीपुरवठ्यात नोकरी करते. आली, माझ्या दारात कोट न काढता उभी राहिली. टॉर्केलनं तिला कॉफी दिली.

"तुझं सगळं काढून देतो. घेऊन जा."

"काय करू नेऊन? ते गणित चुकलेलंच आहे, टॉर्केल. कुठे चुकलंय तेच तर शोधत होते."

"सापडलं?"

"सापडलं असतं."

टॉर्केल खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

आमच्याकडे अशा वेळी समोरचा 'जाऊ दे' म्हणतो. तशी रीतच आहे. इल्वा तसं म्हणाली नाही.

"हो," ती म्हणाली, "बोलायला हवं होतंस. तू खोटं बोलला असतास ना, तर मला भांडता तरी आलं असतं."

तिनं कप धुऊन जागेवर ठेवला आणि निघून गेली.

टॉर्केल माझ्यासमोर बसला. 'हे यंत्र कायमचं पुसायचं?' असं मी विचारलं, विचारावंच लागतं. त्यानं 'हो' दाबलं. माझ्या पोटातलं शेवटचं बिऱ्हाड उठलं.

सोमवारी माझी वायर काढणार आहेत. डिस्का चुरडतील, पत्रा भंगारात जाईल. त्याचं मला दुःख नाही. शेजारच्या घोडीत नवा बसलाय, त्याच्या आलेखासाठी आणखी मोठा पडदा आणलाय. त्याला चार शब्द सांगावेत असं फार वाटतं, पण आम्ही एकमेकांशी फक्त आकडे बोलतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. माझा ताप मोजा, माझी धाप मोजा, त्यासाठीच तो पहारा आहे. पण इल्वा तीन महिने काय करत होती हे जाणून घ्यायचं असेल, तर माझ्याकडे कशाला येता? ती तर त्या बैठकीत समोरच बसलेली होती.