बदललेली अट

लिफ्टचं दार पूर्ण बंद असल्याशिवाय मोटर सुरू होता कामा नये. ही अट मास्तरांनी गणिताच्या चिन्हांत चोख मांडली होती. मास्तर म्हणजे लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनियर. ती तिथे प्रोग्रॅम तपासायची; प्रोग्रॅम अटीशी ताडून कसा पाहायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. दाराचा प्रोग्रॅम मात्र तिच्या नवऱ्याने लिहिला होता, आणि तिच्या चाचणीत तो सपशेल नापास झाला. दार मिटता मिटता अडलं आणि त्याच क्षणी कोणी बटण दाबलं, तर फट उघडी असतानाच लिफ्ट हलत होती.

"इतका नेम धरून बटण कोण दाबतंय?" नवरा वैतागला. "माल निघायची वेळ आलीय. घरचा राग इथे काढू नकोस."

"घरचा राग काढायला मला कॉम्प्युटर लागत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पास झाली. तिला खरं वाटेना. प्रोग्रॅम जसाच्या तसा होता. बदलली होती ती अट. आता तीत लिहिलं होतं: दार बंद असल्याचा सिग्नल क्षणभर आला नाही, तरी दार बंदच समजावं.

ती तडक मास्तरांकडे गेली. "हे तुम्ही केलंत?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. "वरून फार तगादा होता गं. आणि भलं तुझ्याच नवऱ्याचं झालं ना?"

तिने लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही. तिची बदली तेवढी झाली.

पुढे एका हॉस्पिटलात त्याच प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लिफ्टने एका नर्सचा पाय चिरडला. चौकशी बसली. तिने जुनी अट, नवी अट, आपली हरकत, सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण लागू असलेली अट नवी. प्रोग्रॅम तिच्याप्रमाणे चालतो?"

"चालतो. पण—"

"मग प्रोग्रॅममध्ये दोष नाही."

बाहेर नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास. चल, चहा घेऊ."

"त्या नर्सचा पाय कापावा लागला," ती म्हणाली.

"मला काय वाईट वाटत नाही?" तो म्हणाला आणि खिशात गाडीची किल्ली चाचपू लागला.

ती गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसली. घर एकच होतं, गाडीही एकच.