डाव्या अंगाची चौदा भोकं

इंजिन पुरं झालं तर आश्रुबांना पूर्णेच्या रेल्वे क्लबातल्या काचेच्या कपाटात जागा मिळणार होती, खाली नावाची पट्टी. सून प्रियंकाला मिळणार होती पुढची खोली. नीट तोललं तर फायदा तिचाच मोठा. रस्त्यालगतच्या त्या खोलीत आरीच्या भरतकामाची चौकट मांडली की ब्लाउजवाल्या बायकांना सासू धुरपदाबाईंच्या स्वयंपाकघरातून यावं लागणार नव्हतं. सासूबाईंच्या कपाळावरची आठीही वाचणार होती. पण ड्रायव्हरकीतून रिटायर झाल्यापासून खोली अडवली होती सासऱ्यांच्या टेबलानं आणि त्यावर जोडायला घेतलेल्या वीतभर प्लास्टिकच्या डिझेल इंजिनानं.

आश्रुबांचा हात थरथरायचा. प्रियंकाचा आरीवर बसलेला. म्हणून इंजिनाच्या अंगावरून जाणाऱ्या नळीच्या हुकांची भोकं तिच्याकडं आली.

"मामा, कोणत्या अंगाला?"

"डाव्या. चौदा. दाबू नको, नुसतं फिरव. प्लास्टिक तापलं की भोक फाटतंय."

टाचणीनं खूण करून, पेनाएवढा हातड्रिल चिमटीत फिरवत तिनं दोन दुपारी चौदा भोकं पाडली. एकही वाकडं नाही.

तिसऱ्या दिवशी रिटायर गार्ड दिनकरराव चहाला आले. त्यांनी नकाशा पाहिला, इंजिन पाहिलं आणि त्यांना हसू काही आवरलं नाही.

"आश्रुबा, नळीची भोकं उजवीकडं कशी गेली? नकाशात आखूड तोंड पुढं हाय."

या इंजिनाला एकीकडं आखूड तोंड, दुसरीकडं लांब, आणि ते दोन्हीकडं पळतं. आश्रुबांनी ते जन्मभर लांब तोंड पुढं करून चालवलेलं. त्यांची डावी म्हणजे सीटवरची डावी; नकाशात तीच उजवी.

"पोरीनंच उलटं धरलं आसंल," ते पुटपुटले.

"डावी तुमीच दाखवलीत, मामा. बोट ठिवून," प्रियंका म्हणाली. "बुजवून दुसरीकडं पाडते. पण खोली आधी, भोकं मंग."

"दे बाबा," दिनकरराव म्हणाले. "हिच्यासमोर सिग्नल तोडून जमायचं न्हाई."

नावाची पट्टी कोरून आली होती, आता इंजिन अर्धं सोडता येत नव्हतं. आश्रुबा उठले आणि त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं.

महिन्याभरात इंजिन कपाटात गेलं, नळी डाव्या अंगाला. आश्रुबांनी लगेच जोडायला दुसरं मागवलं. कपाट त्यांना, खोली प्रियंकाला. किंमत मोजली धुरपदाबाईंनी, ज्यांनी इंजिनाला कधी बोटही लावलं नव्हतं. घरात उजेडाची दुसरी खिडकी स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच होती. टेबल आता तिथं आहे, आणि पांढरा प्लास्टिकचा भुसा उडतो म्हणून त्या ज्वारीचं पीठ रोज दोनदा चाळतात.