कोरीनबाईंनी माझं तोंड बंद केलं

मी जनरेटर बोलतोय. कानावरचे हात काढा, आज पोटात पेट्रोल नाही, हळूच बोलतो. अक्षरं मला येत नाहीत. माझ्या पाठीवर काय काय इशारे छापलेत ते मी कधी वाचले नाहीत. माझ्या मालकाला वाचता येतं, त्यानंही वाचले नाहीत.

मालकाचं नाव व्हर्लिन. ओहायोत टपाल वाटायचा. निवृत्त झाला, राहतं घर विकलं, त्या पैशात चाकांवरचं घर घेतलं आणि ते ओढायला ट्रक. एवढं करून मुक्काम मात्र फुकट पाहिजे, म्हणून अर्धा देश ओलांडून अ‍ॅरिझोनाच्या सरकारी माळावर येऊन बसला. भाडं नाही, नळ नाही, वीज नाही. का, तर निसर्गाच्या कुशीत राहायचं. आणि त्या कुशीत एसी चालावा म्हणून मला आणलं. अकलेचा कांदा.

बरोबर दोन कुत्री. शेरीफ नावाचा धिप्पाड गडी, उडत्या पिशवीला भिणारा. आणि म्हातारी मफिन, फक्त खायला उठणारी. सगळा देश म्हणे यांनी खिडकीतून पाहिला. मफिननं घोरत पाहिला.

मी पण काही साधा नाही हं. व्हर्लिन दोरी ओढायचा, मी नुसता खोकायचो. पुन्हा ओढायचा, पुन्हा खोकायचो. घामाघूम होऊन तो लाथ घालायचा. मग शेजारचा कुणी मदतीला आला की त्याच्या पहिल्याच हिसक्याला मी सुरू. व्हर्लिनचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. माळावर दुसरी करमणूक काय होती सांगा.

पलीकडच्या झुडपाआड कोरीनबाई राहायच्या, एका जुनाट व्हॅनमध्ये. सोबत नूडल नावाचं तीन पायांचं चिमुरडं कुत्रं. बाई शांतता शोधत फिरत होत्या. वाळवंटात आल्या, डोळे मिटून बसल्या, आणि ऐकू आलो मी. मग रोज व्हर्लिनशी भांडण.

"हे वाळवंट तुमच्या वडिलांचं आहे का, बाई?"

"नाही. तुमच्याही नाही. म्हणून तर फुकट बसलाय."

शेवटी बाईंनी कानांत मेणाचे बोळे घालायला सुरुवात केली. नूडल मात्र रोज येऊन माझ्यावर तंगडी वर करायचा. मुळात तीन, त्यातली एक वर. बाईंचा सूड बहुतेक तोच घेत होता.

एप्रिलात ऊन एकदम चढलं. व्हर्लिनला पाणी भरायला, कपडे धुवायला गावात जायचं होतं. कुत्री एरवी ट्रकमधून बरोबर जायची. त्या दिवशी मफिन जागची हलेना. मग दोघांनाही घरात ठेवलं, खिडक्या लावल्या, एसी सुरू केला, दाराची किल्ली फिरवली. सांगितलं कुणाला? मला. "बंद पडू नकोस रे." जिवापाड जपलेली कुत्री, आणि राखणीला एक खोडकर पत्र्याचा डबा.

नाही पडलो बंद. शपथ.

ट्रकची धूळ खाली बसते न बसते तोच कोरीनबाई आल्या. ट्रक नाही म्हणजे कुत्रीही नाहीत, रिकाम्या घरासाठी हा राक्षस बोंबलतोय, असं त्यांनी ठरवून टाकलं. माझं बटण बंद केलं. "गप," म्हणाल्या, आणि परत जाऊन डोळे मिटून बसल्या. कानातले बोळे तसेच. जी शांतता चाखत होत्या, ती नुसती मेणाची.

आत शेरीफ भुंकायला लागला. आधी दणदणीत, मग घोगरा. मफिनचा तर आवाजच नाही. बाहेर मी गार होत चाललो होतो, आत ती दोघं भाजत चालली होती. ऐकलं फक्त नूडलनं. त्यानं बाईंचा झगा ओढला, त्यांनी झटकला. मग तो लंगडत आला आणि व्हर्लिनचं दार ओरबाडायला लागला. त्याला रागं भरायला बाई आल्या, आणि काचेला चिकटलेली शेरीफची जीभ त्यांना दिसली.

बोळे उपसून फेकले. दार बंद. माझी दोरी धरली, ओढली, परत ओढली. "चालू हो रे बाबा, पाया पडते तुझ्या." आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून चालू व्हायचं होतं, आणि बटण यांनीच बंद केलेलं. घाबरून ते त्यांच्या ध्यानातच नाही. दगड उचलला, काच फोडली, हात कापून घेत आतून दार उघडलं. मफिनला पोत्यासारखी ओढून सावलीत आणली. व्हॅनमधलं होतं नव्हतं ते सगळं पाणी दोघांवर ओतलं. मफिन तशीच पडून. बऱ्याच वेळानं शेपटीचं टोक हललं.

व्हर्लिन आला. फुटकी काच, ओली कुत्री, बाईंच्या हाताला फडकं.

"मशीन मी बंद केलं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, आत कुणी नाही."

 व्हर्लिन मफिनचं डोकं मांडीवर घेऊन बसला. "मी तरी कुठे तुम्हाला सांगून गेलो," म्हणाला. मग गावातून भरून आणलेलं पाणी बाईंच्या व्हॅनपाशी नेऊन ठेवलं. दोन दीडशहाणे, अखेर एकमेकांशी धड बोलले.

ऊन वाढलं तशी दोघं उत्तरेच्या डोंगराकडे निघून गेली, पुढे चाकांवरचं घर, मागे व्हॅन. आता एक गावात गेलं की दुसरं कुत्र्यांपाशी बसणार म्हणे. तिथल्या गारव्यात माझं काय काम, म्हणून मला वाटेच्या कडेला ठेवलं, गळ्यात पुठ्ठा अडकवून. ज्याला हवं त्यानं न्यावं, असं त्यावर लिहिलंय म्हणे.

न्या की. पण कुत्री आत कोंडून जायचं असेल, तर माझ्या भरवशावर जाऊ नका. शेजाऱ्याला सांगून जा. भांडकुदळ असेल, खुळचट असेल, डोळे मिटून बसणारा असेल, तरी सांगा. माणूस माझ्यापेक्षा बरा, हे म्हणताना मला किती जड जातंय, तुम्हाला काय कळणार. पण दगड त्यालाच उचलता येतो.