घरचा तुकडा

केरबानं पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफेत तोंड घातलं आणि झाकण परत ठेवलं. मटण शिजलं होतं. मघाशी बघितलं तेव्हाही शिजलेलंच होतं.

"आवं भावजी, किती येळा बघताय? पळून चाललंय व्हय ते?" शेजारची आक्काताई परसातल्या कुंपणावरून म्हणाली.

"मीठ बघितलं."

"मगाशी बी मीठच बघितलं."

केरबा हसला. आज सकाळपासून तो उगाच हसत होता. कॉटवर नवी चादर घातली होती, पंखा पुसला होता, अंगणातलं गवत काढलं होतं. आता गाडी येईपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो झाकण काढून बघत होता.

बराका येणार होता. टांझानियाचा पोरगा, कराडला इंजिनियरिंगला. परदेशी पोरांना गावात एक हक्काचं घर असावं, सणावाराला आणि आजारपणाला, म्हणून कॉलेजनं घरं शोधली होती, आणि केरबाच्या बायकोनं, मनुबाईनं, सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. सहा फुटाच्या त्या पोराचं तिनं पहिल्याच दिवशी 'बारक्या' केलं. दर रविवारी तो जेवायला यायचा, तिला आई म्हणायचा आणि तिच्याजवळ बसून मराठी शिकायचा. मे महिन्यात तो टांझानियाला, आपल्या आईला भेटायला गेला. जूनमध्ये मनुबाई गेली. फोनवर केरबा आणि बराका, दोघांनाही धड बोलता आलं नव्हतं, आणि त्यानंतर आज तो पहिल्यांदाच येत होता.

काल कॉलेजातून क्रांती मॅडमचा फोन आला होता. परदेशी पोरांचं सगळं त्याच बघायच्या.

"केरबाकाका, राग मानू नका. घरात आता बाईमाणूस नाही, तुमचीच आबाळ होते. विद्यानगरला एक चांगलं कुटुंब तयार आहे. उद्या तुमच्याकडं जेवून जाऊ दे त्याला. त्याला काय वाटतं ते विचारा आणि संध्याकाळी मला कळवा."

"व्हय, इचारतो," केरबा म्हणाला होता. रात्री त्याला झोप लागली नाही आणि पहाटे उठून तो मटणाला गेला.

फाटकाशी रिक्षा थांबली. बराका उतरला. दाढी थोडी वाढली होती, खांद्यावर बॅग होती. केरबाला वाटलं पळत जावं, पण तो हात पुसत दारातच उभा राहिला.

"ये, ये गड्या. आत ये."

बराकानं बूट काढले, पायरी चढला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"ये की रं."

बराका हलला नाही. तो आत, मनुबाईच्या फोटोकडं बघत होता. मग त्यानं खाली बघितलं. पोराला या घरात पाऊल टाकवत नाही, असं केरबाला वाटलं. मॅडम बोलल्या ते खरंच होतं.

"नगं वाटतंय का आत यायला?" त्यानं हळू विचारलं.

"न्हाई बाबा," बराका म्हणाला. "तुकडा?"

रिक्षा बघून अंगणाच्या कुंपणापाशी आलेली आक्काताई हसायला लागली, मग पदर तोंडाला लावला.

"आवं, भाकरतुकडा मागतोय त्यो! लांबनं आलाय न्हवं? मनुबाईनं शिकवलंय त्याला, ओवाळल्याबिगर आत याचं न्हाई म्हणून."

केरबानं कपाळावर हात मारला. सतरा वर्षं तो फौजेत होता. प्रत्येक सुट्टीला याच उंबऱ्याबाहेर तोही असाच थांबायचा आणि मनुबाई भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन यायची. आज त्यानं मटण केलं, भात केला, कांदासुद्धा चिरला. भाकरी मात्र घरात नव्हती. जूनपासून या घरात तवा चढलाच नव्हता.

"थांबा, मी आणते माझ्यातली," आक्काताई वळली.

"नको मावशी," बराका म्हणाला. "आई म्हणायची, घरचं पायजे."

मग बराकानं बॅग खाली ठेवली आणि आतून एक डबा काढला. तळलेल्या गोडसर, तिकोनी पुऱ्यांसारखं काहीतरी होतं, फुगलेलं.

"मांडाझी. माझ्या आईनं केलं, या आईच्या फोटोपुढं ठेवायला." त्यानं डबा पुढं केला. "हे बी घरचंच."

केरबानं त्यातला एक तुकडा मोडला. आतून तांब्या भरून आणला. ओवाळून घेताना कसं उभं राहायचं ते त्याला पाठ होतं. ओवाळायचं कसं ते माहीत नव्हतं. हात पोचेना, तेव्हा बराका वाकला.

"आवं, उजवीकडनं! डोळ्याला पाणी लावा," आक्काताई सांगत होती. केरबानं पाणी लावलं. बराकाच्या डोळ्यांना ते आधीच होतं. तुकडा अंगणात टाकल्याबरोबर एक कोंबडी धावत आली.

"लागली बघ दृष्ट कोंबडीला," केरबा म्हणाला, आणि बराका एवढ्या मोठ्यानं हसला की रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

जेवताना केरबानं विद्यानगरच्या घराचं सगळं सांगितलं. चांगली माणसं, घरात बाईमाणूस, कॉलेज जवळ. काही लपवलं नाही. बराका नळी चोखत ऐकत होता.

"बाबा, गणपतीला मी मित्राच्या गावी जाणार, शिराळ्याला," तो म्हणाला. "चार दिवसांनी परत येईन. तवा भाकरीचा तुकडा ठेवा. सारखं आफ्रिकेतनं कोण आणणार?"

ऊन उतरल्यावर बराका कॉटवर झोपी गेला. केरबानं फळीवरचा ज्वारीचा डबा खाली काढला. जाळी धरली होती. ज्वारी निवडून, पाखडून तो बाहेर पडला.

"कुठं निघालाय?" आक्काताईनं विचारलं.

"गिरणीत."

"आवं, मी देते की भाकऱ्या."

"घरची पायजे म्हणतोय."

खिशात फोन वाजायला लागला. मॅडमच असणार. दोन्ही हातांनी डबा धरला होता, त्यानं तो वाजू दिला. फाटकापर्यंत गेला आणि मागं वळला.

"वयनी, पीठ मळायला पाणी ऊन घ्यायचं का गार?"