पंधरावी

सातव्या नावापुढे डर्व्हलाने 'घोडे' असं लिहिलं आणि आठवा नंबर फिरवायला घेतला.

सहाव्या मुलीपुढे 'परीक्षा' होतं, पाचवीपुढे 'हॉटेलात काम', चौथीपुढे पुन्हा 'परीक्षा'. प्रांताच्या रग्बी कार्यालयाने सगळ्या क्लबांना एकच प्रश्न पाठवला होता: सोळा वर्षांखालच्या गटात खेळलेल्या मुली अठराखालच्या गटात का दिसत नाहीत? किलकॉरन क्लबात गेल्या पाच वर्षांत अशा बावीस मुली निघाल्या. खेळाडूंची नोंदणी अकरा वर्षं डर्व्हलाकडे होती, तेव्हा हे बावीस फोनही ओघाने तिच्याच वाट्याला आले.

क्लबाच्या स्वयंपाकघराची काच वाफेने धुरकटली होती. बाहेर फेब्रुवारीतला तिरपा पाऊस पडत होता आणि त्यात सोळाखालच्या मुली मैदानाला फेऱ्या मारत होत्या. पळता पळता एका सुरात ओरडत होत्या, "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर…" महिने उलटे म्हणत पळायचं, ही ब्रोनाची जुनी पद्धत. दम टिकतो, असं ती म्हणायची. डर्व्हलाला दरवर्षी ते ऐकून हसू यायचं.

ब्रोना टूही म्हणजे प्रांताच्या संघातून खेळलेली या गावची पहिली बाई. मुलींचा संघ तिने सात पोरी आणि एका उसन्या चेंडूवर उभा केला होता. डर्व्हलाचा नवरा कोलम गेला त्या वर्षी हीच ब्रोना रोज शाळेपाशी गाडी घेऊन उभी राहायची, डर्व्हलाच्या लेकीला, क्लिओनाला घरी न्यायची, जेवू घालायची. कुणी सांगितलं नव्हतं. आभार मानले की चिडायची.

"डर्व्हला? अय्या, किती वर्षांनी!" पलीकडे लॅसरीना होबन होती. आता एकोणीस वर्षांची, गॉलवेत नर्सिंग शिकत होती.

"प्रांताचा फॉर्म भरतेय गं. तू खेळणं का सोडलंस, एवढंच सांग."

"अभ्यास हो, दुसरं काय. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. आणि मला कुठे काय येत होतं? चेंडू हातात आला की साबणासारखा निसटायचा."

दोघी हसल्या. डर्व्हलाने 'परीक्षा' लिहिलं.

"ब्रोनाच शिकवते ना अजून?" लॅसरीनाने विचारलं.

डर्व्हलाचा हात थांबला. आधीच्या सातही जणींनी हे विचारलं होतं. कुणी सुरुवातीलाच, कुणी फोन ठेवता ठेवता. मायेने विचारतात, असं तिला वाटलं होतं.

"हो. का गं?"

"काही नाही. बाई म्हणजे सोनं आहे. तिला नाही म्हणणं मला कधी जमलंच नसतं." मग म्हणाली, "क्लिओना आता सोळाखालच्यात असेल."

"यंदापासून."

पलीकडे कुठेतरी एक ढकलगाडी खडखडत गेली.

"डर्व्हला, ती दिवसा पडदे ओढून बसते का?"

"म्हणजे?"

"मी दोन वर्षं बसायचे." लॅसरीनाचा आवाज खाली आला. "वाचायला घेतलं की ओळी हलायच्या. आईला वाटायचं, नाटकं करते. मी हे बोलले असं ब्रोनाला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल. चला, मला वॉर्डात बोलावतायत."

फोन बंद झाला. बुधवारी दुपारी क्लिओनाच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. गुरुवारीही.

डर्व्हला उठली आणि तिने कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. डोक्याला मार लागला, नुसता संशय जरी आला, तरी मुलाला मैदानाबाहेर काढायचं, फॉर्म भरायचा आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस खेळायला घ्यायचं नाही, हा नियम. प्रत्येक गटाची वेगळी फाइल होती. चौदाखालची मुलं, सहा फॉर्म. सोळाखालची मुलं, अकरा. अठराखालच्या मुली, चार. सोळाखालच्या मुलींची फाइल तिने उघडली. आत काहीच नव्हतं. तिने फाइल उलटी करून झटकलीसुद्धा.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मागच्या वार्षिक सभेत तिनेच उभं राहून वाचून दाखवलं होतं: सोळाखालच्या मुली, पाच वर्षं, डोक्याची एकही दुखापत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनेही.

दार ढकलून ब्रोना आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांतून पाणी गळत होतं.

"चहा दे, नाहीतर इथेच मरते. आणि भट्टीतले ते गोड स्कोन लपवू नकोस, वास येतोय मला."

डर्व्हलाने कप पुढे ठेवला. ब्रोनाने तो दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून एक मोठा घोट घेतला.

"पुढच्या शनिवारी पंधरा होतायत," ती म्हणाली. "मोजून पंधरा. सोळावी नाही. दोन सामने आपण पोरींअभावी सोडलेत. तिसरा सोडला तर स्पर्धेतून नाव काढतात. मग या पोरी आर्डमॉइलच्या क्लबात जाणार की घरी बसणार? घरीच बसणार."

"ब्रोना, तुझ्या गटात कुणाला कधी डोक्याला लागत नाही का गं?"

"समोरचीला नीट पाडायला शिकवते मी. डोकं कुठे ठेवायचं ते शिकवते."

"पाच वर्षांत एकीलाही नाही?"

ब्रोनाने कप खाली ठेवला. रागावलेली दिसली नाही. उलट चेहऱ्यावर एक प्रकारचा शीण होता.

"एक पोरगी बसवली की पंधरा बसतात, डर्व्हला. एकदा बसल्या की परत येत नाहीत. तुला माहीत आहे. तूच तर मोजतेस." तिने एक स्कोन उचलला. "क्लिओनाचा खांदा कसा आहे?"

"खांदा?"

"मंगळवारी जरा लागला ना. बोलली नाही? गुणाची पोर आहे. शनिवारपर्यंत उभी राहील."

*

घरी आल्यावर डर्व्हला ओला कोट न काढताच जिना चढली. खोलीत भर दुपारी अंधार होता. क्लिओना भिंतीकडे तोंड करून पडली होती. डर्व्हला पलंगाच्या कडेला टेकली.

"कुठे लागलंय?"

"खांद्याला."

"आणि डोक्याला?"

"नाही गं आई. ब्रोनाने लगेच विचारलं मला. सगळं बरोबर सांगितलं मी." ती कुशीवर वळली आणि डर्व्हलाने काही विचारायच्या आतच भराभर म्हणू लागली, "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट…"

जानेवारीपर्यंत ती एका दमात पोचली. कुठे अडखळली नाही. मैदानावर चालतो तोच सूर, तोच ठेका. डोक्याला लागल्यावर शुद्ध तपासायला हेच विचारतात, महिने उलटे सांग. डर्व्हलाने पहिल्या वर्षीच्या प्रशिक्षणात ते स्वतः वहीत उतरवून घेतलं होतं.

डर्व्हलाने ओला कोट काढून खाली ठेवला.

"जूनच्या आधी कोणता महिना येतो?" तिने विचारलं.

क्लिओनाने तोंड उघडलं. मग मिटलं. कपाळाला आठी घालून ती छताकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. मग तिचे ओठ हलू लागले, आवाज न करता. डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर.

"राहू दे," डर्व्हला म्हणाली.

"शनिवारी मी नाही खेळले तर संघ स्पर्धेतून जाईल, आई. चौदाच राहतील. सगळ्या मला बोलतील."

"राहू दे म्हटलं ना."

सोमवारी डॉक्टरने क्लिओनाच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, एका पायावर उभं केलं आणि महिनाभर खेळ बंद, फोन बंद, शाळा अर्धा दिवस असं लिहून दिलं. संध्याकाळच्या आत डर्व्हलाने फॉर्म भरून प्रांताला पाठवला. सोळाखालच्या मुलींच्या फाइलमधला तो पहिला कागद. एक प्रत ब्रोनाला पाठवली आणि ती तडक घरी येईल, ओरडेल, म्हणून वाट पाहत बसली. काय बोलायचं तेही मनाशी जुळवून ठेवलं होतं.

ब्रोनाकडून एक शब्द आला. 'बरं.'

मंगळवार गेला, बुधवार गेला. क्लिओना आईशी बोलेना. गुरुवारी दुकानात ब्रोना समोर आली, हात हलवला, अंड्यांचा खोका घेऊन निघून गेली. कसला अबोला नाही, काही नाही. डर्व्हलाला ओरडा परवडला असता.

शनिवारी सकाळी दहाला क्लबातून अट्रॅक्टाबाईंचा फोन आला. क्लबाच्या मैदानावर सामना असला की सूप त्या करत.

"अगं, येतेस ना? दोन मोठी पातेली लावायची की एकच? आर्डमॉइलवाल्या कधीच्याच आल्यात."

"सामना आहे?"

"म्हणजे काय! पंधरा झाल्या की आपल्या."

डर्व्हलाने गाडी कशीबशी फाटकापाशी लावली. मुली रांगेत उभ्या होत्या. कडेला, अगदी शेवटी, एक जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. बाह्या चार वेळा दुमडलेल्या. नेसा मल्व्हिहिल. चौदाखालच्या गटातली, आणि त्या गटातही लहान चणीची. गेल्या महिन्यात तिला तेरावं लागलं तेव्हा डर्व्हलानेच तिच्या नोंदणीवरची तारीख तपासली होती. समोर आर्डमॉइलच्या मुली अंग गरम करत होत्या. त्यांतली मध्यम चणीचीसुद्धा तिला काखेत धरून नेऊ शकली असती.

नेसाची आई गेराल्डीन छत्री सांभाळत धावतच आली. चेहरा आनंदाने फुललेला.

"डर्व्हला, फार मोठं काम केलंस हं! किती दिवस माझ्या मागे लागली होती, मोठ्या पोरींत खेळायचंय म्हणून. तू सही दिलीस म्हणून झालं. ब्रोना म्हणाली, डर्व्हलाने तपासलंय तर काळजीच नको."

"मी सही दिली?"

"दिलीस ना! मी बघितली की."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. लहान गटातली मुलगी वरच्या गटात खेळवायची तर नोंदणी बघणाऱ्याची सही लागते. मुलीची चण, ताकद, सगळं पाहून खात्री केली आहे अशी. मोसम सुरू होताना ब्रोनाने आठ-दहा कोरे फॉर्म पुढे सरकवले होते. तू कधी गावाला गेलीस तर अडायला नको, म्हणाली होती. डर्व्हला बटाटे सोलत होती. हात पुसून तिने एकामागून एक सह्या ठोकल्या होत्या, मान वर न करता.

पंच एक तरुण माणूस होता, परगावचा. टॉवेलने शिट्टी पुसत होता.

"मी इथली नोंदणी बघते," डर्व्हला म्हणाली. "त्या लहान मुलीचा फॉर्म दाखवता का?"

त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढला. ब्रोनाच्या अक्षरात नेसाचं नाव, वय, वजन. खाली डर्व्हलाची सही. पोट फुगलेलं पहिलं अक्षर, शेवटी मागे वळणारी रेघ. गावात कुणीही लांबून ओळखली असती.

मैदानातून ब्रोना बघत होती. तिने नेसाच्या डोक्यावर हात ठेवला होता.

खरं काय ते सांगायला दोनच वाक्यं लागली असती. मी कोऱ्या कागदावर सही केली होती. मी काहीही तपासलं नाही. डर्व्हलाच्या तोंडात ती तयारही होती. मागे गेराल्डीन उभी होती, छत्री मिटून, ऐकत.

"ही सही माझी नाही," डर्व्हला म्हणाली.

पंचाने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नक्की?"

"माझी नाही."

त्याने हात वर करून दोन्ही संघांना थांबायला सांगितलं आणि ब्रोनाला बोलावलं. ती शांतपणे चालत आली. त्याने सगळं सांगितलं, तेव्हाही तिने कागद पाहायला मागितला नाही. ती डर्व्हलाकडे बघत होती.

"बाई, यावर तुमचं काही म्हणणं आहे?"

"ती म्हणते ना," ब्रोना म्हणाली. "मग तसंच असेल."

ती वळली, नेसापाशी गेली आणि चिखलात गुडघे टेकून तिच्या बुटांची नाडी सोडू लागली. ओल्या गाठी सुटत नव्हत्या. पोरगी हमसून हमसून रडत होती.

"मी काय केलं?"

"काही नाही गं बाळा. तू काही केलं नाहीस."

बाकीच्या चौदा जणी रांग न मोडता उभ्या होत्या. कुणीच त्यांना हला म्हटलं नव्हतं. गेराल्डीनने डर्व्हलाचा दंड घट्ट धरला. "देवा गं, तू आलीस म्हणून. खोटी सही! माझ्या लेकरासाठी खोटी सही!"

पंचाने आपली वही उघडली, पावसापासून आडोसा करून धरली आणि डर्व्हलापुढे पेन केलं.

"तुम्ही आत्ता जे म्हणालात ते चार ओळींत लिहून द्या," तो म्हणाला. "वर पाठवावं लागेल मला. तिथे दोन्ही सह्या ताडून बघतात. आणि खाली सही करा."

डर्व्हलाने पेन घेतलं. चार ओळी लिहून झाल्या. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. पावसाचा एक थेंब वहीवर पडून शाई पसरू लागली, तरी पहिलं अक्षर कसं काढावं ते तिला ठरवता येईना.